मितूचं पहिलं सॅम्पल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — दुसरं काय! ओळखीच्या माणसाला सांगायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही. पुढे वाचाल तसं ते कळेलच तुम्हाला.

मी नागपूरची. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. लहान मुलांचं रक्त काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे मी नाही, लॅबमधले सगळे म्हणतात. किंचाळणारं पोर असलं की मलाच हाक. मी त्याला वर्गातल्या बाईंचं नाव विचारते, बाई मारतात का विचारते, आणि उत्तर येईपर्यंत सुई बाहेर आलेली असते. या गोष्टीचा मला भारी गर्व. गर्वाचं घर खाली म्हणतात ना? माझं घर काही खाली झालं नाही हो. झालं ते शेजारचं.

शेजारी शालू राहते. तिची आणि आमची भिंत एकच — तिच्या मशिनचा आवाज थांबला की मला कळतं, आता ही चहा टाकणार. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि दिवसभर गल्लीतल्या बायकांच्या तक्रारी ऐकते. तिला एकच मुलगी. नाव संघमित्रा, पण त्या नावानं तिला फक्त शाळेत हाक मारतात. आमची ती मितू. बोलायला लागली तेव्हा शालूला आई म्हणण्याआधी ती मला 'माची' म्हणायची — मावशी म्हणता यायचं नाही तिला. मला स्वतःचं मूल नाही. हे सांगून मी तुमची दया मिळवायला बघते आहे का? नाही. उलट सांगते आहे की त्या पोरीवर माझा जीव होता, आणि तरीही मी जे केलं ते केलं. जीव असला म्हणजे माणूस नीट वागतो, असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू द्या.

तर — आमच्या मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाईंनी, मितू चौथीत होती त्या हिवाळ्यात एक नवी तपासणी लॅबमध्ये सुरू करायचं ठरवलं. ल्युपस नावाचा आजार असतो. शरीरात रोगाशी लढायला अँटीबॉडी तयार होतात, त्या या आजारात आपल्याच अंगावर उलटतात. कातडी, सांधे, किडनी, काही सोडत नाहीत. लहान मुलांनाही होतो, आणि मुलांमध्ये जास्त जोरानं येतो. त्या अँटीबॉडी रक्तात आहेत का, किती आहेत, हे या तपासणीत कळतं. तोवर आम्ही सॅम्पल मुंबईला पाठवायचो. गोंदियाहून, यवतमाळहून, रामटेकच्या बाजूच्या खेड्यांतून आलेले आईबाप पोराला घेऊन धंतोलीत लॉज करून राहायचे आणि रोज काउंटरवर येऊन विचारायचे, आला का जी रिपोर्ट. मॅडमना ते बघवेना. चांगल्या मनाची बाई.

आता नवी तपासणी लावायची म्हणजे आधी निरोगी माणसांच्या रक्तावर ती करून बघावी लागते. निरोगी रक्तात काही दिसायला नको. दिसलं, तर एक तर तपासणीत खोट आहे, नाही तर ते रक्त निरोगी नाही. मोठ्या माणसांचं रक्त मिळायला अडचण नव्हती, लॅबमधल्या आम्हीच बाह्या वर केल्या. पण मॅडमना मुलंही हवी होती. धडधाकट, खेळती मुलं. त्यांनी बजावलं होतं — आईबापांना नीट समजावून सांगा, आणि कोणाचं काही वेगळं आलं तर आधी मला दाखवा, मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.

मी म्हटलं, मॅडम, तुम्ही नका काळजी करू. मुलं मी आणते. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली पोरं आहेत, एकेकाची नाळ कुठे पुरली ते मला माहीत आहे. असं बोलायला मला आवडायचं. आणि नव्या विभागाची प्रमुख कोणाला करायचं हेही तेव्हा ठरायचं होतं — ते मला व्हायचं होतं. झालं तर मग.

रविवारी सकाळी मी गल्लीतली पोरं गोळा केली आणि आईस्क्रीमच्या लालुचीनं रक्त काढलं. आयांना काय सांगितलं? सांगितलं की नवी मोठी टेस्ट आहे, अँटीबॉडीची, बाहेर करायला गेलं तर खूप महाग, फुकटात होऊन जाईल, पोरं आतून-बाहेरून ठणठणीत आहेत की नाही ते कळेल. समजावून सांगणं याला म्हणत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. मितू सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. सुईला फार घाबरायची ती, पण माझ्यासाठी आली. डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केला.

तपासणी एका प्लॅस्टिकच्या पाटीवर होते. तिच्यावर छोटे छोटे खळगे असतात, एकेका खळग्यात एकेकाचं रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळट पाणी. शेवटचं औषध टाकलं की ज्याच्या रक्तात त्या अँटीबॉडी असतात त्याचा खळगा पिवळा होतो. नसतात त्याचा पाण्यासारखा राहतो. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे खळगे पाण्यासारखे राहिले. मितूचा पिवळा झाला. फिकट नव्हे — हळद कालवल्यासारखा.

मला वाटलं माझंच काही चुकलं. हात धुतले, चहा घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेल्या रक्तावर पुन्हा लावली. पुन्हा तोच खळगा, तोच रंग.

इथे मी तुम्हाला एक सांगू शकते, आणि ते खोटंही नाही. पुष्कळ निरोगी मुलांच्या रक्तात कधीमधी कसल्या ना कसल्या अँटीबॉडी थोड्याशा दिसतात आणि पुढे काहीही होत नाही. पुस्तकात लिहिलं आहे. मी त्या दिवशी हेच स्वतःशी म्हटलं. पण ते ज्या अँटीबॉडीबद्दल लिहिलं आहे त्या या नव्हत्या, आणि ते थोड्याशाबद्दल लिहिलं आहे. मला दोन्ही माहीत होतं. मग मी काय केलं? नळी फेकून दिली. दिराच्या मुलाचं रक्त काढून आणलं आणि मितूच्या जागी लावलं. मॅडमना सांगितलं, एक सॅम्पल फुटलं होतं, म्हणून दुसरं आणलं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे — पेशी फुटतात, रक्तजल लाल होतं, ते सॅम्पल बाद. कोणी उलटून विचारत नाही. मॅडमनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात मी विभागाची प्रमुख झाले.

का? मला मॅडमसमोर तोंडघशी पडायचं नव्हतं. 'एकेकाची नाळ मला माहीत आहे' म्हणणारीच्या पोरांमध्ये एक आजारी निघावी — बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी? हो, एवढ्याशाच.

नळी फेकली त्याच संध्याकाळी मी घरी आले तेव्हा शालू दारात उभी होती, गळ्यात टेप लटकलेला.

"नीता, माह्या पोरीचं कसं आलं वं?"

"एकदम नॉर्मल," मी म्हटलं.

तिनं माझी दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली आणि आत गेली. मशिन सुरू झालं.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मीही कित्येक वर्षं स्वतःला असंच सांगत आले — एक शब्द, घाईत, दारात उभ्या उभ्या. तेवढंच असतं तर मी कधीच कोणाजवळ बोलून मोकळी झाले असते. तेवढंच नाही.

पुढच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या गल्लीतली बौद्ध मंडळी दरवर्षी रस्त्यावर मांडव घालून दीक्षाभूमीवर जाणाऱ्या लोकांना जेवण आणि पाणी देतात. आम्ही इतर बायकाही पुऱ्या लाटायला बसतो. त्या वर्षी मितूनं पाण्याचं पिंप धरलं आणि सोडेचना. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे आमच्याकडे काय असतं, ते नागपूरकराला सांगायला नको. मांडवाची सावली सरकली तरी पोरगी तिथेच, ग्लास भरून देते आहे, म्हाताऱ्या बायकांच्या पाया पडते आहे. शालूनं तिला किती वेळा हाका मारल्या. शेवटी चिडून उलथनं उगारलं, तेव्हा कुठे ती आत आली.

तिचा चेहरा लाल झाला होता. ऊन लागलेला लाल वेगळा असतो. हा नाकाच्या दांडीवरून दोन्ही गालांवर पसरलेला होता, फुलपाखरानं पंख उघडल्यासारखा. ल्युपसचा असा चेहरा मी पुस्तकात पाहिला होता, लॅबच्या काउंटरवरही पाहिला होता. माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"उन्हानं झालं वं हे," शालू म्हणाली. "पोट्टी ऐकतच नाही."

"उन्हानंच असन," मी म्हटलं. "कोरफड लाव."

दिवाळी झाली. मितूला बारीक ताप येऊ लागला. सकाळी उठताना बोटं दुखायची, तिला दप्तराचा चाप लावता यायचा नाही. भिंतीपलीकडून मला शालूचं रागावणं ऐकू यायचं — शाळेत जायच्या वेळीच बरी दुखतात बोटं! मी ऐकत होते. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांच्या खळग्यांचे रंग बघत होते, आणि घरी येऊन ते ऐकत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार होती. तरी मी विचार करायची — ताप आहे, जाईल. थंडी आहे, बोटं आखडतात.

आता ते सांगते. जे सांगायला बसले आहे ते.

गल्लीच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हातारे आहेत, पण डोळ्यांत तेल घालून बघणारे. त्यांनी मितूला तपासलं आणि शालूला सांगितलं की अँटीबॉडीची तपासणी करून घ्या. शालू म्हणाली, झालेली आहे, वर्ष व्हायचं आहे, नॉर्मल आली. तरी ते म्हणाले, पुन्हा एकदा करा. शालू तिथून सरळ माझ्या घरी आली. रविवार होता, मी तांदूळ निवडत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"डॉक्टर म्हणून राहिले का ते अँटीबॉडीचं परत करा. मी म्हटलं, आमच्या नीतानं सोताच्या हातानं केलं ना! कराच लागते का वं परत? पोरगी सुई पाहूनच पांढरी पडते."

तिला माझ्याकडून हो-नाही एवढंच हवं होतं. मी 'हो, कर' म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन आली असती. पण रक्त कुठे आलं असतं? माझ्याच लॅबमध्ये. खळगा पिवळा झाला असता. मग मॅडमनी विचारलं असतं, मागच्या वर्षी हिचं रक्त तुम्हीच आणलं होतं ना — ते फुटलेलं सॅम्पल कोणाचं? हे सगळं माझ्या डोक्यात यायला किती वेळ लागला असेल? तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकायला लागतो तेवढा.

"कशाले करते परत?" मी म्हटलं. "एकदा नॉर्मल आलं तं आलं. पाहू ना थोडे दिवस."

हे मी म्हणाले. पूर्ण शुद्धीत, मान वर करून. पहिल्या वेळी मला आजार दिसला नव्हता, फक्त रंग दिसला होता. या वेळी मला आजार दिसत होता. मला पोरीचा चेहरा माहीत होता, ताप माहीत होता, बोटं माहीत होती. आणि तरी मी तिच्या आईला तिच्या औषधापासून परत पाठवलं. शालूला काय हायसं वाटलं होतं! ती चहा पिऊन गेली. डॉक्टरांना तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. शालूला तुम्ही दोष देऊ नका. तिच्या जागी कोणीही असतं तरी त्यानं घरच्या माणसावरच विश्वास ठेवला असता.

संक्रांत होऊन गेल्यावर मितूचे पाय सुजले. मग डोळ्यांखाली सूज. मग एका सकाळी तिच्यानं उठवेना, तेव्हा तिला धंतोलीतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. किडनीचा तुकडा काढून तपासला. आणि अँटीबॉडीचं रक्त आलं आमच्याकडे. मी कोणालाही देऊ शकले असते ते काम, पण मीच केलं. शेवटचं औषध टाकलं आणि पाटीकडे बघायची गरजच नव्हती. रिपोर्टवर सही करताना मॅडमना ते नाव आठवलंसुद्धा नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शालूला विचारलं, याआधी कधी ही तपासणी केली होती का? मी तिथेच होते, मितूच्या पलंगाच्या पायथ्याशी. शालू म्हणाली, हो, मागच्या हिवाळ्यात, नॉर्मल होती, या आमच्या ताईनंच केली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. "म्हणजे त्यानंतर सुरू झालंय," ते म्हणाले, आणि तसंच लिहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी शालूला हळूच सांगितलं की दोन-तीन महिने आधी आली असती तर किडन्या पुष्कळ वाचल्या असत्या. मी शालूला धरून बाकावर बसवलं.

मितू जगली. जगली म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. गोळ्यांनी चेहरा फुगला, आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवला. सलाइनमधल्या औषधानं केस गेले. शाळेचं एक वर्ष गेलं. उंची जिथल्या तिथे थांबली, आता कॉलेजात आहे तरी नवे लोक तिला शाळेतलीच समजतात. किडन्या अर्ध्याहून जास्त गेल्या आहेत. उरलेल्या किती दिवस साथ देतील, हे दर वेळी रक्त सांगतं, आणि ते रक्त मीच काढते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही ती.

आणि शालू? बुद्धपौर्णिमेला खिरीची पहिली वाटी माझ्या घरी येते. गल्लीत सांगत असते, नीता होती म्हणून माझी पोरगी वाचली, रात्रंदिवस दवाखान्यात उभी होती. होते मी उभी. जाऊ कुठे?

पुष्कळदा मनात आलं, सांगून टाकावं. मॅडम निवृत्त झाल्या, नोकरीला आता धोका नाही. तेव्हा जी भीती होती तिच्यातलं काहीच उरलेलं नाही. तरी नाही सांगितलं. कारण आता तोंडघशी पडायची भीती नाही, खिरीची वाटी जाण्याची आहे. मितूनं हात पुढे न करण्याची आहे. बघा, म्हणजे अजूनही मी माझाच विचार करते आहे. कुठला तरी डॉक्टर म्हणेल की नाही तरी हे होणारच होतं, म्हणून मी अनेकांना आडून आडून विचारलं. एकानंही म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात मितू रक्त द्यायला आली. काउंटरवर गर्दी होती. तिच्या शिरा आता दोऱ्यासारख्या झाल्यात, मी वाकून शोधत होते. ती सहसा गप्प असते. त्या दिवशी एकदम बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. म्हणाली, घरी आईचं आणि तिचं पुन्हा वाजलं. शालू रागाच्या भरात बोलून गेली होती की तेव्हा उन्हातून आली असतीस तर आज ही वेळ आली नसती. मग दोघीही रडल्या.

"खरंच हाय ते, मावशी," मितू म्हणाली. "तू टेस्ट केली होती तवा मी चांगली होती ना. मंग त्या दिवशी आईनं मले कितीदा बलावलं, मी गेलीच नाही. माह्याच हातानं झालं ना हे?"

सुई शिरेत होती. नळीत रक्त येत होतं. एक वाक्य पुरलं असतं — तू पिंपापाशी उभी राहायच्या कितीतरी आधी ते तुझ्या रक्तात होतं, पोरी, आणि ते मला माहीत होतं. इतकी वर्षं तिनं ते ओझं वाहिलं, आणि ते उतरवणारं एकच माणूस जगात होतं. ते तिच्यासमोर हातमोजे घालून बसलं होतं.

मी सुई काढली. कापूस दाबला. "हात दुमडून धर," म्हटलं, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.